सातबाऱ्यावर बहिणीचे नाव राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत सावित्रीबाईंची जयंती आणि मार्चमध्ये महिला दिन आला की स्त्रियांच्या हक्कांवर भरभरून लिहिले जाते. शिक्षणावर, नोकरीवर, सुरक्षिततेवर लिहायलाच हवे. पण महाराष्ट्राच्या खेड्यात स्त्री-पुरुष विषमता नेमकी कुठे टिकून आहे हे पाहायचे असेल, तर कोणत्याही गावची फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या नोंदींतले बदल लिहिण्याची वही, उघडावी. वडील वारले की वारसांमध्ये मुलींची नावे लागतात. पुढे काही दिवसांतच दुसरा फेरफार येतो, 'हक्कसोडपत्राने नाव कमी केले', म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त करून दिला. मुलींच्या वाट्याचा हा हक्क मिळवायला अर्धशतक लागले. तो एका दुपारी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा टेकवून संपतो.

या हक्कामागचा इतिहास लहान नाही. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका लिहिली. तिच्या आधारे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क फक्त मुलगा, नातू, पणतू यांना मिळत आला. 1937 च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात जागा मिळाली, तीही हयातीपुरती. मुलीच्या हाती काहीच आले नाही. हिंदूंचे विवाह, वारसा यांचे कायदे एकत्र करणाऱ्या हिंदू कोड बिलाचा मसुदा बनवणाऱ्या राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. प्रवर समितीत तो बरोबरीचा झाला, आणि त्यावरून संसदेत जे रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या प्रमुख कारणांत हे रखडलेले बिल होते. घटनेच्या शिल्पकाराने ज्या प्रश्नावर खुर्ची सोडली तो प्रश्न लेकीच्या वाट्याचाही होता, हे जयंतीच्या भाषणांत फारसे ऐकू येत नाही.

1956 चा हिंदू वारसा कायदा आला तरी सहदायकी, म्हणजे मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क, तसाच ठेवला गेला. याचा परिणाम आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या आपल्याच राज्यातल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली हिशेब मांडला. वडील वारले, मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे गृहीत धरायचे. त्यात वडील, आई आणि दोन मुलगे यांचे प्रत्येकी 1/4. मुली या पंक्तीत नाहीतच. मग वडिलांचा 1/4 सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी 1/24. जमीन 24 एकर धरली तर आईला 7, प्रत्येक मुलाला 7 आणि प्रत्येक मुलीला 1 एकर. त्याच कुटुंबाला आजचा कायदा लावा. बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात समान वाटे आणि बापाचा वाटा पुन्हा सहा जणांत. प्रत्येकाला 4 एकर येतात. एक एकर आणि चार एकर यांत जो फरक आहे, तो कुणाच्या मेहेरबानीचा नाही. तो मुलीचा म्हणून तिचा आहे.

इथपर्यंत यायला 1994 आणि 2005 हे दोन टप्पे लागले. 22 जून 1994 पासून महाराष्ट्राने मुलींना सहदायकी दिली, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली; तिने लग्नाची अट काढली, शेतजमिनीचा अपवाद काढला आणि राहत्या घराची वाटणी मागण्याची मुलीवरची मनाईही काढली. त्या तारखेला वडील हयात हवेत की नकोत हा घोळ सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने मिटवला. हक्क जन्माने आहे, त्यामुळे वडील हयात असण्याची अट नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 पूर्वी प्रत्यक्ष झालेली वाटणी किंवा विक्री उकरता येत नाही. 'आमची वाटणी तोंडी कधीच झाली होती' हे सांगणेही आता सहसा चालत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूम दाखवावा लागतो. तोंडी वाटणी मान्य व्हायची तर तिला जुन्या सरकारी कागदांचा भक्कम आधार हवा.

आता गावपातळीवर काय होते ते. कायदा इथेच अडतो, म्हणून हे जरा सविस्तर.

मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो, आता ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. वारसांची यादी अर्जदार स्वतः प्रतिज्ञापत्रावर देतो आणि अर्जदार बहुधा थोरला भाऊ असतो. पहिली गळती इथे होते. परगावी दिलेल्या बहिणीचे, विशेषतः वारलेल्या बहिणीच्या मुलांचे नाव यादीतच येत नाही. दुसरी गळती नोटिशीची. गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि चावडीवर लागते, हरकतीला 15 दिवस असतात. बहीण दुसऱ्या तालुक्यात, नोटीस माहेरच्या चावडीवर. हरकत आली नाही म्हणून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तिसरी गळती सर्वांत फसवी आहे. नाव लागते, पण खातेदाराच्या रकान्यात न लागता 'इतर हक्क' या रकान्यात. बहिणीला वाटते आपले नाव सातबाऱ्यावर आहे. बँक, भूसंपादन अधिकारी आणि खरेदीदार मात्र तिला मालक धरत नाहीत. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढेच लिहिलेले असते. त्या तीन अक्षरांमागे किती भावंडांचे हक्क झाकले आहेत हे उताऱ्यावरून कळतच नाही. ती नोंद कमी करून सर्व वारसांची नावे लावून घेता येतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

यातून नाव टिकलेच तर हक्कसोडपत्र येते. हा दस्त नोंदणीकृतच असावा लागतो. स्टँपवर लिहून नोटरी केलेला कागद किंवा तलाठ्यासमोरचा जबाब यावर नाव कमी करता येत नाही, तरी तसे प्रयत्न होतात. दस्तातला मजकूर ठरलेला असतो, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. त्याच्या पुढची दोन वाक्ये वाचणे अतिशय गरजेचे. एक, 'सर्व मिळकतींवरील हक्क': बहिणीला वाटते एका गटावर सही केली, प्रत्यक्षात घर, विहीर, गावठाणातली जागा सगळे गेलेले असते. दोन, 'माझ्या हिश्श्याचा मोबदला रोख मिळाला': मिळालेला नसताना हे वाक्य ठेवले तर पुढे न्यायालयात तेच तिच्यावर उलटते. गट क्रमांक, क्षेत्र, कोणाच्या लाभात आणि किती हिस्सा सोडला हे दस्तात स्पष्ट नसेल तर सही करू नये. मोबदला ठरला असेल तर तो बँकेतून, सहीआधी. आणि वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा 'पुढे मिळणारा' हक्क सोडून घेण्याला काही अर्थ नाही. जो हक्क अजून आलाच नाही तो हस्तांतरित होत नाही.

भावांची बाजूही मांडली पाहिजे. पीककर्जाला प्रत्येक वेळी सहखातेदार बहिणीची संमती लागते, ही अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय संमतीपत्र, नाव उडवणे नव्हे. जमिनीचे तुकडे पडतील ही भीती मात्र चुकीच्या ठिकाणी लावली जाते. सातबाऱ्यावर सामाईक नाव असणे म्हणजे वाटप नव्हे. कसणूक भावाकडे आणि मालकी सर्वांची, असे वर्षानुवर्षे चालू शकते. प्रत्यक्ष वाटपात तुकडेबंदी कायदा आड आलाच तर तुकडा न पाडता पैशात भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि 'तिच्या लग्नात खर्च केला' हा युक्तिवाद कायद्यात कुठेच बसत नाही. हुंडा देणे 1961 पासून गुन्हा आहे, त्याची वजावट वारसा हक्कातून कशी मागता येईल? तो पैसा तिच्या हाती राहतही नाही. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी कापल्याचे ऐकिवात नाही.

खरे दडपण कागदाबाहेरचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. अशा ओव्यांत भावाचे कौतुक उदंड आहे, भावजयीचा धाक आहे, चोळी-बांगडीची आस आहे. शेताचा वाटा मागणारी बहीण क्वचितच भेटते. वाटा मागितला तर माहेर तुटेल, भाऊबीजेला दार बंद होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरली आहे. म्हणून सही करणारी बाई अडाणी असते असे समजू नये. शिकलेल्या, पगारदार बहिणीही सही करतात. नवऱ्याच्या घरी त्रास झाला तर परतायला एकच दार आहे हे तिला माहीत असते आणि ते दार उघडे ठेवण्याची किंमत म्हणून ती जमीन देते. पण जमीन नावावर असती तर त्या दारावर इतके अवलंबून राहावेच लागले नसते. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, ती हेच ओळखून. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे शेती कसणाऱ्या खातेदारांत, स्त्रिया जवळपास 14 टक्के आणि त्यांच्याकडचे क्षेत्र 12 टक्क्यांहूनही कमी होते. शेतात राबणाऱ्या हातांत बायकांचे हात किती, हे कोणत्याही खुरपणीला दिसते.

ज्यांची नावे गेली आहेत त्यांच्यासाठी काही मुदती. चुकीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येते, उशिराचे सबळ कारण दिल्यास विलंब माफ होऊ शकतो. फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे अपील हुकले तरी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा उरतो. मात्र एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळले हे कळल्यापासून 12 वर्षांत तो करावा. फसवून किंवा धाकाने घेतलेले हक्कसोडपत्र रद्द करायला ती गोष्ट कळल्यापासून 3 वर्षे असतात. मिळकतीच्या काही वादांत स्त्रियांना महाराष्ट्रात 1994 पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे आणि तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावनिहाय फेरफाराच्या नोटिसा दिसतात, सासरी बसून माहेरच्या गावावर लक्ष ठेवता येते. आदिवासी भगिनींना मात्र हा वारसा कायदा थेट लागू नाही, आणि मुस्लिम भगिनींच्या बाबतीत 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाहेर ठेवली आहे. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

महसूल आणि नोंदणी खात्याकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. वारस नोंदीची नोटीस प्रत्येक मुलीच्या सध्याच्या पत्त्यावर आणि मोबाइलवर गेल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये. 'इतर हक्क' रकान्यात पडलेली मुलींची नावे मोहीम काढून खातेदार रकान्यात आणावीत. हक्कसोडपत्र नोंदवताना दुय्यम निबंधकाने बाईला नातेवाइकांपासून बाजूला घेऊन, ती किती क्षेत्र सोडते आहे आणि त्याची शासकीय दराने किंमत किती, हे तिला वाचून दाखवावे आणि तसे झाल्याची नोंद दस्तावर करावी. आपल्याकडे विनंती एवढीच की, आतल्या पानावर बारीक टाइपात येणाऱ्या जाहीर नोटिसा तालुकानिहाय आणि वाचता येतील अशा अक्षरात छापाव्यात. जमीन विकली जाण्याआधी बहिणीला ते कळण्याची शेवटची जागा अनेकदा तीच असते.

आपले,
जमीन हक्काच्या प्रश्नावर काम करणारे काही वाचक