तुटक्या दाताचे आभार

आदरणीय काका,

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण माझी फजितीही चारचौघांतच झाली होती.

दीड वर्ष मी तिरंदाजीत स्वतःच्या एका बोटाशी भांडत होते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला धनुष्याची दोरी धरून सोडणारा रिलीजर, रिलीजरला ट्रिगर, आणि ट्रिगरवर ही उजवी तर्जनी. धनुष्यावरच्या स्कोपमधला (नेमाच्या भिंगातला) ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्याला टेकतोय न टेकतोय तोच ती झटका द्यायची. पुढे पुढे तर ठिपका खाली लालातच गोठायचा, वर सरकायला तयारच नाही. 50 मीटरवरून 72 बाण मारायचे म्हणजे 72 वेळा स्वतःलाच दचकवायचं.

यावर सल्ले पुष्कळ मिळाले. एका प्रशिक्षकांनी ध्यान करायला सांगितलं. दुसऱ्यांनी ट्रिगर घट्ट करून दिला. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी बोटाने तोही ओळखला. तिसऱ्यांनी तर माझ्यादेखत माझ्या नवऱ्याला विचारलं, "चाळिशीत हे कशाला सुरू केलं मॅडमनी?" मॅडम शेजारीच उभ्या होत्या, हातात 45 पौंडांचं धनुष्य घेऊन.

तुम्ही काहीच विचारलं नाही. धो धो पाऊस, पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माझे दहा बाण मुकाट बघितलेत आणि खिशातून तुमचा जुना हिंज, म्हणजे वेगळ्या जातीचा रिलीजर, काढून माझ्या तळहातावर ठेवलात. त्याला ट्रिगरच नाही! दांडा बोटांत धरायचा, आकडा धनुष्याच्या दोरीवरच्या छोट्या फाशात, डी-लूपमध्ये, अडकवायचा, ओढताना अंगठा खुंटीवर. अँकर झाला, म्हणजे हात जबड्याशी टेकून स्थिरावला, की अंगठा उचलायचा आणि पाठीने ओढत राहायचं. ओढता ओढता दांडा किंचित फिरतो आणि आकडा निसटतो. कधी निसटेल ते आपल्याला कळत नाही, म्हणून दचकायलाही सवड मिळत नाही. "सोडू नको, बाय. सुटू दे. सवकास." 'सोडणं' आणि 'सुटणं' यांतला फरक मी शाळेत व्याकरणात शिकले होते, खांद्यात कधी शिकले नव्हते.

तिसऱ्याच बाणाला घात झाला. अर्ध्या ओढीत माझा अंगठा खुंटीवरून सरकला, बोटं ढिली पडली, आकडा निसटला आणि माझीच मूठ माझ्या तोंडावर आदळली. बाण बटाच्या, म्हणजे निशाण लावायच्या गादीच्या, पायाशी चिखलात. ओठातून रक्त. मागची दोन पोरं फिदीफिदी हसली.

तेव्हा तुम्ही माझ्यासमोर आलात, बोटाने मिशा वर केल्यात आणि समोरचा दात दाखवलात. कोपरा साफ उडालेला. "हा माझा पहिला हिंज," म्हणालात. "मिशा काय हौसेने ठेवल्यात?"

पोरांचं हसू जागच्या जागी विरलं. माझं रडू ओठांपर्यंत आलं होतं, तेही परत गेलं.

नंतरचं सगळं मेहनतीचं होतं. धनुष्याऐवजी हिंजला अडकवायला तुम्ही दिलेला दोरीचा फास दोन आठवडे घरात, कदंबच्या बसथांब्यावर, स्टाफरूममध्ये ओढत बसले. मग टार्गेट न लावता दोन पावलांवरून नुसत्या बटावर बाण. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले. ते व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी आकडे बघायला लावले होते. बाण गेल्यावर त्यांचा हात कुठे जातो ते बघ, असं सांगणारे तुम्ही एकटेच.

स्कोअर अजून फारसा वाढलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण ठिपका पिवळ्यात फिरत असताना मी श्वास घेऊ शकते.

डिचोलीत मी बावीस वर्षं गणित शिकवते. मुलाचं चुकलं की फळ्यावर बरोबर उत्तर लिहून मोकळी होते. माझं स्वतःचं चुकलेलं कधी लिहिलं होतं? गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात एक मुलगी पेपर बाकाखाली लपवत होती. तिला मी माझे दहावीच्या सराव परीक्षेतले गणिताचे गुण सांगितले, 100 पैकी 31. अख्खा वर्ग हसला, तीही हसली, आणि पेपर वर आला. हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःचं चुकलेलं दाखवून शिकवणारी माणसं आसपास असतातही, काका. पण त्यांच्याकडे शिट्टी नसते, पद नसतं, म्हणून आपण दीड वर्ष भलत्याच दारात उभे राहतो.

हिंज परत द्यायचाय. चवथीला घरी याच. नेवऱ्या त्या दाताने चावतील की नाही ते आधी कळवा, नाहीतर पातोळ्या करते.

तुमची,
डिचोलीची मॅडम