सुस्तावलेला जिताडा आणि खाडीतल्या भरतीच्या वेळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला किंवा थंडी पडली की जिताडा हा खाडीतला मासा गळाला तोंड लावत नाही, ही तक्रार पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, दर वर्षी ऐकू येते आणि हौशी मंडळी हवामानाला दोष देऊन घरी परततात. धरमतरच्या खाडीकाठी बरीच वर्षे गळ टाकल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. अशा दिवसांत जिताडा खाणे सोडत नाही, आमिषामागे धावणे मात्र सोडतो.

जिताडा हा मुळात दबा धरून बसणारा मासा आहे. तिवरांच्या मुळांशी, पुलाच्या खांबाआड किंवा खारबांधाच्या (खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाच्या) उघाडीशी, म्हणजे पाणी सोडायच्या दाराशी, तो थांबतो आणि भक्ष्य समोर आले की जबडा एकदम उघडून ते पाण्यासकट आत ओढून घेतो. उबदार पाण्यात वाढणारा असल्यामुळे पाणी गार झाले की तो सुस्तावतो. म्हणून जानेवारीत पहाटे कुडकुडत बसण्यापेक्षा दुपारची ओहोटी गाठावी. उन्हात तापलेल्या चिखलावरचे पाणी खोल पात्रात उतरू लागते, तेव्हा त्याची थोडीफार हालचाल सुरू होते.

पावसाळ्यातली अडचण वेगळी असते. अंबा नदीचा लोंढा खाडीत आला की पाणी गढूळ होते, आणि विणीच्या हंगामामुळे मोठे मासे खाऱ्या पाण्याच्या ओढीने मुखाकडे सरकतात. (जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे या दिवसांत थोराड मासा लागला तर तो बहुधा मादीच असतो, मी तो सोडून देतो, घरच्यांना ते पटत नाही.) मात्र शेतातले पाणी उघाडीतून बाहेर पडताना कोळंबी आणि बारीक मासळी सोबत आणते, आणि आत उरलेले जिताडे नेमके तिथेच तोंड लावून असतात. गेल्या श्रावणात अशाच एका उघाडीशी मी तास-दीड तास धारेच्या मधोमध गळ टाकत राहिलो, काही लागले नाही. मग धार जिथे संथ पाण्याला मिळते त्या कडेला, शेपटीत गळ अडकवलेली जिवंत कोळंबी सोडली आणि हात हलवला नाही. झटका बसलाच नाही. दोरी फक्त वाऱ्याच्या उलट बाजूला सरकू लागली. सुस्त मासा असाच घेतो, आणि झटक्याची वाट पाहणाऱ्याला तो कळतही नाही. गळाजवळची दोरी मात्र जाड हवी, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि बारीक दोरी तिच्यावर घासून तुटते.

या सगळ्यात आभाळापेक्षा पाण्याकडे पाहावे लागते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीचे, पाणी जेमतेम हलते, त्यात गार हवेची भर पडली तर दिवस वाया जातो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आमिष टिकू देत नाही. मधल्या तिथींना ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन तास मला सर्वांत भरवशाचे वाटतात.

म्हणूनच एक विनंती आहे. आपल्या दैनिकात भरती-ओहोटीच्या वेळा छापल्या जातात, त्या मुंबईच्या असतात. खाडीत आतवर पाणी चढायला त्याहून बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात हे दोन तास हातचे जातात. त्यातच या वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालच्या अनुभवावर आजचा अंदाजही बांधता येत नाही. रायगड आवृत्तीत धरमतर आणि रेवदंडा या दोन ठिकाणच्या वेळा स्वतंत्रपणे दिल्यास गळवाल्यांची आणि पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्यांचीही सोय होईल.

आपला,
एक वाचक, पेण (जि. रायगड)