डासअळी सर्वेक्षण : रविवारपासून घरभेटी सुरू

सर्व गटसदस्यांनो,

नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे. येत्या रविवारी सकाळी ८.३० वाजता कोपरखैरणे स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ जमा. मार्गदर्शक मॅडम सोबत असतील. त्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही घरी जायचे नाही.

१. आधी माहितीपत्रक वाचून दाखवा, सही घ्या, मगच आत जा. कोणी नको म्हणाले तर आभार मानून पुढे चला.

२. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली नीट बघा. सावली पडली की अळ्या तळाशी जातात, म्हणून टॉर्च धरून थोडे थांबा. घाईत अळ्या सुटल्या तर घर निर्देशांक (अळ्या सापडलेली घरे ÷ तपासलेली घरे × १००) चुकीचा निघेल आणि सगळ्यांची मेहनत वाया जाईल.

३. फॉर्मवर नाव नको, फक्त क्रमांक. फोटो काढू नका.

अळ्या सापडल्या तर घरच्यांना तिथेच समजावून सांगा: आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करा. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

ओळखपत्र आणि टॉर्च आणा. येणे जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, जोड्या ठरवायच्या आहेत.