अँजिओग्राफी क्लीन, मग छाती का दुखते?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पेपरात हल्ली 'ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज साफ' अशा जाहिराती येतात, त्यातली ईईसीपी ट्रीटमेंट (पायांना फुगणारे पट्टे बांधून हृदयाकडे रक्त ढकलायची) माझ्या मोठ्या बहिणीने घेतली म्हणून लिहितेय. तिला मुळात ब्लॉकेज नव्हतंच. पर्वतीच्या अर्ध्या पायऱ्या चढल्या की छाती आवळून यायची, अँजिओग्राफी केली तर सगळं क्लीन, मग ॲसिडिटी असेल, मग पाळी जायचं वय आहे, मग 'टेन्शन घेऊ नका', हे सगळं ऐकून घेतलं तिनं. पण अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्याच दिसतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूत रक्त पोचवतात त्या याच. या बारीक वाहिन्या नीट काम न करण्याचा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो. तो पकडायला स्ट्रेस एमआरआय, पेट स्कॅन नाहीतर आत वायर घालून रक्ताचा प्रवाह मोजावा लागतो, आणि हे सांगणारा डॉक्टर भेटायला नशीब लागतं हो.

ईईसीपीत पोटऱ्या, मांड्या आणि कमरेखाली बीपीच्या पट्ट्यासारखे मोठे पट्टे बांधतात. ईसीजीवर हृदय सैल पडलेलं दिसलं की मशीन ते खालून वर फुगवतं आणि पुढच्या ठोक्याआधी सोडून देतं. हृदयाला स्वतःचं रक्त मुख्यतः या सैल वेळातच मिळतं, नेमकं तेव्हाच पायातलं रक्त वर ढकललं जातं. प्रत्येक ठोक्याला माणूस पलंगावर उडतो, कातडी सोलू नये म्हणून आतून घट्ट पँट घालायला देतात. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास, एकूण 35 तास, साधारण 7 आठवडे. ताईला फरक पडला, भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढते आता.

पण ब्लॉकेज यानं साफ होत नाही, हे कुणीतरी ठळक छापा! 1999 च्या मस्ट-ईईसीपी अभ्यासात 139 पेशंट होते, त्यातल्या ज्यांना खरी ट्रीटमेंट मिळाली त्यांचं छातीचं दुखणं कमी झालं हे खरं, पण ते सगळे मोठ्या वाहिन्यांच्या आजाराचे होते, बारीक वाहिन्यांवरचे अभ्यास अजून छोटेच आहेत. त्यामुळे गोळ्या बंद करून नुसतं हे करत बसणं धोक्याचं. पायात रक्ताची गुठळी असेल, महाधमनीची झडप जास्त गळत असेल, बीपी हाताबाहेर असेल तर हे करतच नाहीत, आणि मी पाहिलेल्या जाहिरातींत याची एक ओळ नव्हती.

वर आमचा मेडिक्लेम नाकारला, का तर ॲडमिट झाला नाहीत म्हणून. रोज तासाभराच्या ट्रीटमेंटला ॲडमिट कसं व्हायचं?

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाकडून यावर पानभर लिहून घ्या, पुण्यात या टेस्ट कुठे होतात आणि खर्च किती येतो तेही त्यात द्या.

- एक वाचक, कोथरूड, पुणे