एरर जिथं आली तिथंच पकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कम्प्युटरबद्दल जे येतं ते बहुतेक नवीन काय आलं याबद्दलच असतं, नवा फोन, नवं एआय, आणि ते वाचायला मलाही आवडतं, पण ज्या कामामुळे आपले फोटो, ऑफिसच्या फायली, दवाखान्याचे रिपोर्ट डिस्कवर शाबूत राहतात त्या कामाबद्दल कधी दोन ओळी येत नाहीत म्हणून हे पत्र लिहितोय. मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरच्या स्टोरेजचं काम करतो. डिस्कवर फायली कुठे, कशा ठेवायच्या हे बघणाऱ्या भागाला फाईलसिस्टिम म्हणतात, आणि बीटीआरएफएस नावाच्या अशा फाईलसिस्टिमच्या कोडमध्ये एरर हँडलिंगची, म्हणजे काही चुकलं तर काय करायचं या भागाची, जी साफसफाई वर्षानुवर्षं चाललीय ती जवळून बघतोय.

साध्या फाईलचं नाव बदललं तरी आत बऱ्याच नोंदी हलतात. जुनं नाव काढायचं, नवं घालायचं, फोल्डरची नोंद अपडेट करायची. हे सगळं व्हायला पाहिजे नाहीतर यातलं काहीच व्हायला नको, याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. एकाच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्याकडे जमाच झाले नाहीत तर चालेल का, इथंही तेच. बीटीआरएफएस जुन्या नोंदींवर गिरवत नाही, नव्या जागी लिहितं, साधारण दर ३० सेकंदांनी कमिट करतं, म्हणजे तोवरचे बदल पक्के करतं, आणि सगळ्यात शेवटी सुपरब्लॉक लिहितं, म्हणजे बाकी नोंदी कुठे आहेत ते सांगणारी मुख्य नोंद. मध्येच काही बिघडलं तर तो सुपरब्लॉक लिहायचाच नाही, म्हणजे डिस्कवर आधीची सुसंगत अवस्था तशीच राहते. किती चांगली सोय आहे बघा, पण बिघडलंय हे कोडला वेळेवर कळलं तरच तिचा उपयोग.

बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.२९ या आवृत्तीत आलं तेव्हा कोडमध्ये ठिकठिकाणी बग-ऑन नावाचे तपास टाकलेले होते, म्हणजे मेमरी मिळाली नाही किंवा डिस्कवरून वाचता आलं नाही की कर्नल तिथंच पाडायचा. घाईच्या दिवसात सगळेच असं करतात. २०१२ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीच्या जेफ महोनी यांनी मोठा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, करून यातले बरेच बग-ऑन काढले, एरर वर पाठवायची आणि गरज असेल तर ट्रान्झॅक्शन अबॉर्ट करून, म्हणजे अर्ध्यात सोडून, फाईलसिस्टिम रीड-ओन्ली करायची, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, ही पद्धत बसवली. अख्खी मशीन पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, निदान डेटा वाचून दुसरीकडे कॉपी तरी करता येतो.

पण काम तिथं संपलं नाही. एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, समजा दुसऱ्या फंक्शनना केलेले चार कॉल आहेत, प्रत्येकानंतर "एरर असेल तर आउट या लेबलवर उडी मार" आणि त्या लेबलखाली एकच अबॉर्ट. बघायला कोड सुटसुटीत वाटतो. आता अबॉर्ट झाला की कर्नल लॉगमध्ये फंक्शनचं नाव आणि लाईन नंबर येतो, आणि तो नंबर असतो अबॉर्ट जिथं लिहिलाय तिथला. मग रात्री दोनला सर्व्हर रीड-ओन्ली होतो, लॉगमध्ये एरर -२८ दिसते, म्हणजे जागा संपली, पण चार कॉलपैकी कुठल्या कॉलला संपली हे शोधायला माणूस सकाळपर्यंत कोड वाचत बसतो. म्हणून आता प्रत्येक कॉलच्या खालीच त्याचा त्याचा अबॉर्ट लिहितात. चार ओळी वाढतात, तेच तेच लिहिल्यासारखं दिसतं, आणि रिव्ह्यूमध्ये कोणीतरी म्हणतंच की हे एकत्र करा, तर माझं ठाम मत आहे की करू नका, ज्याला रात्री लॉग वाचायचाय त्याच्यासाठी त्या ओळी आहेत.

आणि हे काम डोळे मिटून करता येत नाही. अजून कशालाच हात लावला नसेल तर अबॉर्टची गरज नाही, नुसती एरर परत करा, युजरला "जागा नाही" दिसेल आणि बाकी सगळं चालू राहील. जुनं नाव काढून झालंय आणि नवं घालताना फेल झालं तर मात्र अबॉर्टशिवाय इलाज नाही. प्रत्येक ठिकाणी आत्तापर्यंत काय काय बदललंय हे डोक्यात धरून ठरवायला लागतं, मग पॅच दोन ओळींचा का असेना.

हे फक्त एका फाईलसिस्टिमचं दुखणं नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी लिनक्सच्या बऱ्याच फाईलसिस्टिमचा कोड तपासला होता, एरर कोड ज्या ९०२२ कॉलमधून प्रवास करतो त्यातल्या ११५३ ठिकाणी तो नीट धरलाच जात नव्हता, म्हणजे जवळपास १३ टक्के. आणि २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर लिही असं कर्नलला सांगणारा कॉल, एकदा फेल झालं आणि परत केलं तर दुसऱ्यांदा सक्सेस येऊ शकतं, डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो, कारण कर्नलने मेमरीतली ती पानं, म्हणजे डेटाचे तुकडे, लिहून झाली असं मानलेलं असतं. २०१९ च्या सुरुवातीला त्यांनी बदल केला, एफसिंक फेल झालं की डेटाबेस तिथंच थांबतो आणि बदलांच्या स्वतःच्या लॉगवरून परत उभा राहतो.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला पुण्या-नाशिकची हुशार मुलं येतात, प्रोजेक्टमध्ये सगळं चालतं ते छान दाखवतात, पण डिस्क भरली तर तुझा प्रोग्राम काय करतो असं विचारलं की गप्प होतात. त्यांचा दोष नाही, कॉलेजात हे कोणी विचारलेलंच नसतं. तेव्हा इंजिनिअरिंगच्या सर-मॅडमना आपल्या पेपरातून विनंती आहे, प्रॅक्टिकलला दोन-तीनशे एमबीची एक फाईल करायला लावा, ती लूप डिव्हाईस म्हणून, म्हणजे फाईललाच एक छोटी डिस्क मानून, माउंट करून काठोकाठ भरायला सांगा आणि मग त्यावर मुलांचे प्रोग्राम चालवा. जो प्रोग्राम फाईल अर्धी लिहून "सेव्ह झाली" म्हणतो त्याचे मार्क कापा आणि कुठल्या ओळीत एरर सोडून दिली ते त्या मुलाकडूनच शोधून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे