उपदेश नको, नेमके प्रश्न विचारा

संपादक महोदय,

विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा विषय निघाला की ‘आजची मुलं वस्तूंच्या मागे लागली आहेत’ असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. मग साधेपणावर एखादे व्याख्यान ठेवतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण नेमके दुखते कुठे हे कोणी विचारलेलेच नसते.

मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या संशोधकांनी १९९२ मध्ये भौतिकवाद, म्हणजे वस्तूंना दिले जाणारे महत्त्व, मोजण्यासाठी १८ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आहेत: वस्तूंवरून यश जोखणे, जगण्यात वस्तूंना मध्यवर्ती जागा देणे आणि वस्तू मिळाल्यावरच सुख मिळेल असे मानणे. तिन्हींचे गुण वेगवेगळे ठेवावेत. सगळ्यांची एकच बेरीज केली, तर चांगल्या वस्तूंची नुसती हौस असलेला मुलगा आणि ‘अमुक माझ्याकडे नाही म्हणून मी सुखी नाही’ असे मानणारा मुलगा एकाच आकड्यात जाऊन बसतात. काळजी करायची ती दुसऱ्याची.

आणखी एक चूक सहज होते. काही विधाने मुद्दाम उलटी असतात. ‘सुखाने जगायला जे लागते ते माझ्याकडे आहे’ अशा विधानाला १ ते ५ पैकी ५, म्हणजे ‘पूर्ण सहमत’, असे उत्तर देणाऱ्याचा गुण मोजताना १ धरावा लागतो. हे राहून गेले की समाधानी विद्यार्थीच भौतिकवादी ठरतो आणि त्यालाच समुपदेशनाला बोलावले जाते! प्रश्नावली निनावी असावी, परीक्षेच्या किंवा निकालाच्या आठवड्यात देऊ नये. जीवनसमाधानाचे प्रश्न आधी विचारावेत, वस्तूंचे नंतर; नाहीतर आधीच्या उत्तरांची छाया पुढच्यांवर पडते.

कोणाला कोणते मूल्य किती महत्त्वाचे वाटते, हे विचारतानाही अशीच काळजी घ्यावी. काही विद्यार्थी स्नेह, सत्ता, सुरक्षितता, परोपकार अशा सगळ्यालाच ‘फार महत्त्वाचे’ म्हणतात. म्हणून प्रत्येकाची स्वतःची सरासरी काढून कोणते मूल्य तिच्या वर आहे आणि कोणते खाली, ते पाहावे. पैशाला महत्त्व असणे हा दोष नाही. पैसा आपलेपणा आणि मोकळीक यांच्याही वर जाऊन बसला, तर अडचण होते.

२०१४ मध्ये अडीचशेहून अधिक नमुन्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात भौतिकवाद आणि स्वास्थ्य यांचा संबंध उलटा दिसला, म्हणजे एक जास्त तिथे दुसरे कमी; पण तो सौम्य होता. म्हणून फक्त गुणांवरून एखाद्या मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये. शिवाय एकटे पडलेले मूलही वस्तूंचा आधार शोधते, हे आपण विसरतो. चॅप्लिन आणि जॉन या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात शिबिरातल्या मुलांच्या हाती सोबत्यांनी त्यांच्याबद्दल चांगले शब्द लिहिलेली कागदी ताटली दिली, तेव्हा त्यांची वस्तूंची ओढ कमी झाली. व्याख्यानापेक्षा हे सोपे आहे आणि वर्गात करता येते.

पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येकाने इतरांबद्दल पाहिलेली एकेक गोष्ट लिहावी. ‘तू छान आहेस’ असे नको; ‘गणित अडले की तू समजावून सांगतोस’ असे हवे. मात्र गट शिक्षकांनी पाडावेत. मुलांवर सोडले तर ज्याला गरज आहे तोच बाहेर राहतो. तीच प्रश्नावली तीन महिन्यांनी पुन्हा द्यावी. लगेच दिली तर नुसता उपक्रमाचा उत्साह मोजला जातो.

– विद्यार्थी समुपदेशनाशी संबंधित काही वाचक