ऑगस्टसने फेब्रुवारीचा दिवस पळवलेला नाही

मा. संपादक,
स. न.

लीप वर्ष आले की पुरवण्यांत एक गोष्ट हमखास छापून येते. ज्युलियस सीझरच्या नावाच्या जुलैचे दिवस ३१ आणि आपल्या महिन्याचे कमी म्हणून सम्राट ऑगस्टस रुसला आणि त्याने फेब्रुवारीचा एक दिवस काढून ऑगस्टला जोडला! गोष्ट खुमासदार, पण खोटी. तिचा उगम रोममध्ये नाही. १३व्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या साक्रोबोस्को या विद्वानाकडून ती पसरली. इटलीत आंत्सिओ इथे ज्युलियस सीझरने कॅलेंडर सुधारले त्याआधीचे, गिलाव्यावर रंगवलेले कॅलेंडर सापडले आहे. त्यात महिन्यांच्या रकान्यांखाली दिवसांची बेरीज मांडली आहे. फेब्रुवारी तेव्हाही २८ चाच.

खरी उलथापालथ झाली इ.स.पू. ४६ मध्ये. जुने रोमन वर्ष ३५५ दिवसांचे होते: चार महिने ३१ चे, सात २९ चे आणि फेब्रुवारी २८ चा. ऋतूंशी मेळ बसावा म्हणून साधारण वर्षाआड फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडून २७ दिवसांचा अधिक महिना घालत. निव्वळ वाढ २२-२३ दिवसांची. आपला अधिक मास गणिताने ठरतो: ज्या चांद्रमासात संक्रांत नाही, तो अधिक. रोममध्ये तो धर्माधिकारी ठरवत, आणि तिथेच माशी शिंकली. अधिक महिना धरला की पदावरच्या माणसाची मुदत लांबे. आशिया मायनरमधल्या किलिकिया प्रांताचा सुभेदार असलेला सिसेरो हा वक्ता तर ‘यंदा अधिक महिना पडू देऊ नका’ म्हणून रोमला पत्रे धाडत होता. मुख्य धर्माधिकारी खुद्द सीझर, पण तो आधी गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या) स्वारीत आणि मग यादवीत गुंतलेला. अधिक महिने राहून गेले आणि कॅलेंडर ऋतूंच्या सुमारे तीन महिने पुढे धावू लागले. इ.स.पू. ४६ ची उत्तर आफ्रिकेतली थाप्ससची लढाई कॅलेंडरप्रमाणे ६ एप्रिलची; त्या फेब्रुवारीत २३ दिवस वाढवल्यावरही ऋतुमानाने ती फेब्रुवारीच्या सुरुवातीची.

त्याच वर्षी सीझरचा विरोधक केटो याने आफ्रिकेतल्याच उटिकात जीव दिला, सीझरने चार विजयांच्या मिरवणुका काढल्या (गॉलच्या मिरवणुकीत रथाचा आसच मोडला), आणि फेब्रुवारीत २३ दिवस, तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्ये दोन जादा महिन्यांचे ६७ दिवस घालून हिशेब चुकता केला. ३५५ अधिक ९०, म्हणजे ४४५ दिवसांचे वर्ष! पुढे मॅक्रोबिअस या रोमन लेखकाने त्याला ‘गोंधळाचे शेवटचे वर्ष’ म्हटले.

१ जानेवारी इ.स.पू. ४५ पासून ३६५ दिवस. वाढीव दहा दिवस असे वाटून दिले: जानेवारी, सेक्स्टिलिस आणि डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरला एकेक. फेब्रुवारी पितरांच्या विधींचा, त्याला हात लावला नाही. सेक्स्टिलिस म्हणजेच पुढचा ऑगस्ट. तो ३१ चा झाला तो इथे, सीझरच्या हातून. ऑगस्टसचे नाव त्याला मिळाले इ.स.पू. ८ मध्ये.

लीप दिवसही २९ फेब्रुवारी नव्हता. रोमन लोक १ मार्चपासून उलटे मोजत, दोन्ही टोके धरून. १ मार्च पहिला, २८ फेब्रुवारी दुसरा, असे करत २४ फेब्रुवारी सहावा. हा ‘सहावा’ दोनदा यायचा. आपल्याकडे तिथीची वृद्धी झाली की लागोपाठ दोन षष्ठी येतात, तसा.

दोन्ही टोके धरायची ही सवयच पुढे नडली. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दिवस सातच, तरी आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो. त्याच धर्तीवर सीझरच्या पश्चात धर्माधिकाऱ्यांनी ‘दर चौथ्या वर्षी’चा अर्थ दर तीन वर्षांनी असा लावला. ३६ वर्षांत नऊ लीप दिवस पडायचे ते बारा पडले. ऑगस्टसने कॅलेंडरला हात लावला तो एवढ्यासाठी: चढलेले तीन दिवस फिटावेत म्हणून पुढची १२ वर्षे लीप दिवस घ्यायचा नाही, असे त्याने ठरवले.

पुढचे लीप वर्ष २०२८. पुरवणीची पाने लागण्याआधी हा खुलासा संबंधितांपर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

– एक वाचक, वाई